आईसाहेबांचा कप

माझे सासरे जगातली सगळ्यात चांगली कॉफी करत आणि ती पाजताना समोरच्याचा अपमान करत. दोन्ही कामं ते सारखीच मन लावून करायचे. स्टीलचा ग्लास हातात दिला की समोरच्या खुर्चीवर बसायचे, हाताची घडी घालायचे आणि शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत माझ्याकडे टक लावून बघायचे. मी ग्लास खाली ठेवायला गेलो की म्हणायचे, “तळ दाखवा, प्रोफेसरसाहेब.” मग मी, वर्गात पोरांना दरडावणारा माणूस, ग्लास तिरका करून त्यांना तळ दाखवायचो. ते मान हलवायचे आणि ग्लास उचलून आत निघून जायचे. सासरे-जावई संवाद तिथे संपायचा.

मला ते आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसावर लिहायला बसलं की हात आपोआप मऊ होतो आणि सगळ्यांचे सासरे देवमाणूस निघतात. आमचे नव्हते.

कॉलनीत त्यांना सगळे उस्तादजी म्हणत. पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लेथ चालवली, पोरांना ती चालवायला शिकवलं, त्यावरून हे नाव पडलं. त्यांचे आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते, वडील हवालदार. उस्तादांनी स्वतः कधी वर्दी घातली नाही, पण तो ताठा रक्तातून आलाच होता. शहराच्या एका टोकाला, राऊला, दोन खोल्यांचं घर, पुढे लिंबाचं झाड, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. बायको लवकर गेली. तेव्हा मुलगी, म्हणजे माझी प्रज्ञा, शाळेत जाणारी. तिला त्यांनी स्वतः रांधून वाढवलं आणि बँकेत ऑफिसर होईपर्यंत शिकवलं. मी नाशिकहून इकडे राऊच्या कॉलेजात नोकरीला आलो, कर्जाच्या कामासाठी तिच्या बँकेत गेलो आणि कर्ज बाजूलाच राहिलं.

त्यांच्या कॉफीत काही नसायचं. बाजारातली साधी पूड, साखर आणि म्हशीचं दूध. पूड आणि साखर एका मगात घ्यायची, वर पाण्याचे चार थेंब, आणि चमच्याने फेटत बसायचं. चमच्याचा पितळी दांडा त्यांनी कारखान्यात स्वतः काढलेला होता. काळपट लगदा हळूहळू तपकिरी व्हायचा, मग बदामी, मग जवळजवळ पांढरा. तोवर ते कोणाशी बोलायचे नाहीत. वरून साय न काढलेलं उकळतं दूध ओतलं की असा काही वास सुटायचा की माझा राग दोन मिनिटं बाजूला बसायचा. इतक्या कडू माणसाच्या हाताला इतकी गोडी का असावी, याचंही मला वाईटच वाटायचं.

त्यांना खूश करण्यासाठी मी एकदा काचेचं, दट्ट्या दाबून कॉफी काढायचं महागडं भांडं भेट दिलं होतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, दट्ट्या वरखाली केला आणि म्हणाले, “सायकलमध्ये हवा भरायची का याने?” पुढच्या रविवारी गेलो तेव्हा ते भांडं खिडकीत होतं आणि त्यात स्क्रू भरलेले होते. मला दिसेल असंच ठेवलं होतं.

रविवारी दाल-बाफले असत. जाड कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग भाजायचे, आणि ताटात आल्यावर मुठीने फोडून तुपात बुडवायचे. बुडवायचे म्हणजे खरोखर बुडवायचे. वाढताना त्यांच्या हातात तुपाचा तांब्या असायचा. शेजारी डाळ, कढी, हिरवी चटणी आणि चुरम्याचा लाडू. थंडीत बाफल्यांच्या आधी गराडू, म्हणजे कंदाचे तळलेले तुकडे, वर मसाला आणि लिंबू. मी ताटावर हात आडवा धरला तर ते हातावर तूप ओतायचे. विनोद म्हणून सांगत नाही, खरंच ओतायचे. “हटवा हात. नाहीतर हात चाटून खा.” मी एकदा बोलून गेलो की मी सकाळी ओट्स खातो. उस्ताद म्हणाले, “दलिया तर आम्ही बिमार माणसाला देतो. तुम्हाला काय झालं?”

मांसमच्छी त्यांनी माझ्यासमोर कधी शिजवली नाही. पहिल्याच भेटीत विचारलं होतं, “मटण खाता?” मी आवेशाने म्हणालो, “खातो की!” ते म्हणाले, “बाहेर खाता. घरात नाही.” आणि भाजी चिरायला लागले. उत्तर बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त लागलं.

आता मूळ भांडणाकडे येतो. ते कॉफीवरूनच झालं.

आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मी आईला नाशिकहून राऊला घेऊन गेलो. वडील नव्हते, त्यामुळे जे काही ठरायचं ते आईच्या चेहऱ्यावर ठरायचं होतं. ते बौद्ध, आम्ही ब्राह्मण. आई फोनवर म्हणाली होती, “मी जुन्या वळणाची नाही रे, मला काही फरक पडत नाही,” आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता. उस्तादांनी पहाटेपासून स्वयंपाक मांडला होता. घरात सगळे ग्लास स्टीलचे, म्हणून त्या दिवसासाठी ते बाजारातून सोनेरी काठाचा चिनी मातीचा कपांचा सेट घेऊन आले होते. आई बसली आणि आतून चमच्याचा आवाज सुरू झाला. बराच वेळ चालला. मग ते स्वतः ट्रे घेऊन आले, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि कप आईसमोर ठेवला.

आई म्हणाली, “अहो, मी कॉफी घेत नाही. पित्त होतं मला.”

“मग थोडं जेवून घ्या. बाफले तयार आहेत.”

“आज उपास आहे माझा.” मग पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढून ती दोन घोट प्यायली. थोड्या वेळाने घड्याळ बघत उठली. “खजरान्याला गणपतीचं दर्शन घ्यायचंय, उशीर नको.” कप होता तिथेच होता. त्यावर साय धरली होती.

खजरान्याच्या देवळाबाहेर आम्ही दर्शन घेऊन आलो. ऊन होतं. आई म्हणाली, डोकं धरलंय, काहीतरी गरम मिळतं का बघ. मी एका गाड्यावरून मशीनची कॉफी आणली आणि तिला एक कचोरीही हवी होती. कागदी कप एका हातात आणि कचोरी दुसऱ्या हातात, अशी आई ओट्यावर बसलेली असताना समोर स्कूटर येऊन थांबली. राऊपासून खजराना म्हणजे शहराचं दुसरं टोक. उस्तादांनी हेल्मेट काढलं, खिशातून चष्म्याची डबी काढली आणि आईपुढे धरली.

“बाईसाहेब, चष्मा राहिला होता. म्हटलं दर्शनात दिक्कत होईल.”

आईचे दोन्ही हात भरलेले होते. त्यांनी डबी तिच्या शेजारी ओट्यावर ठेवली, कागदी कपाकडे एकदा बघितलं आणि स्कूटर वळवून गेले. त्यांनी तिथे आरडाओरडा केला असता, तर भांडण त्याच दिवशी मिटलं असतं, असं मला आजही वाटतं.

लग्न झालं. विहारात झालं, नंतर नाशकात आईने हौसेने स्वागतसमारंभही केला. सून बँकेत आहे हे ती सगळ्यांना सांगायची. प्रज्ञा नाशकात आमच्या स्वयंपाकघरात वावरायची, आई तिच्या हातचं खायची, दोघी मिळून मालिका बघायच्या. तिथे सगळं व्यवस्थित होतं. पण आई पुन्हा राऊच्या त्या घराची पायरी चढली नाही. प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही उस्तादांकडे गेलो. तिघांचे स्टीलचे ग्लास आले आणि त्यांच्याबरोबर सोनेरी काठाचा एक भरलेला कप आला. तो त्यांनी माझ्यासमोर ठेवला. “हा आईसाहेबांचा.” मला वाटलं, एकदा टोमणा मारतायत, मारू दे. पण पुढच्या रविवारी पुन्हा. आणि त्याच्या पुढच्याही. दर रविवारी तेवढंच फेटणं, तेवढंच दूध, काही कमी नाही. कप माझ्यासमोर निवत जायचा, साय धरायची, आणि आम्ही निघालो की ते बाहेर येऊन तो लिंबाच्या बुंध्याशी ओतायचे. अशी कित्येक वर्षं गेली. त्या झाडाला लिंबं भरपूर यायची, त्याचंही मला वैषम्य वाटायचं.

माझा काय गुन्हा होता? त्या घरातला प्रत्येक ग्लास मी तळापर्यंत प्यायलो होतो. त्यांचं तूप खाऊन माझं कोलेस्टेरॉल वाढलं होतं. मी प्रज्ञाला म्हणायचो, “थांबव ना त्यांना.” ती म्हणायची, “कप तुझ्या आईंचा आहे. तू त्यांना घेऊन ये, मी पप्पांना थांबवते.” दोन हट्टी म्हाताऱ्यांच्या मध्ये आम्ही दोघं बसलो होतो आणि आमच्या प्रत्येक रविवारी तो कप टेबलावर होता. मला तो तिथून उठवायचा होता, बाकी काही नको होतं. एकदा आईने त्या घरात बसून कॉफी घेतली की सगळं संपेल, हे मी मनात पक्कं धरून ठेवलं होतं.

मग उस्तादांना हृदयाचा झटका आला. दवाखान्यातून सुटून आले त्या आठवड्यात त्यांनी बाफले केले. मी संतापून म्हणालो, “पप्पा, डॉक्टरांनी तूप बंद सांगितलंय!” ते म्हणाले, “गाडी गॅरेजमधून आली की चालवून बघावी लागते, प्रोफेसरसाहेब.” आणि माझ्या ताटात तांब्या उपडा केला.

आजाराचं कळल्यावर आई स्वतःहून म्हणाली, “मला एकदा भेटून यायला हवं. व्याही आजारी आणि मी गेले नाही, बरं दिसत नाही.” तिचं मन मोठं झालं होतं असं मी म्हणणार नाही. लोक काय म्हणतील हा भाग त्यात होता. पण ती गाडीतून सहा-सात तासांचा प्रवास करून आली, चांगली साडी नेसली, फळं घेतली. मी वाटेत तिला सांगितलं, “आई, ते कॉफी देतील. घेशील?” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “घेईन रे बाबा. किती वर्षं त्या कॉफीचं धरून बसलाय तुम्ही सगळे!”

उस्ताद दारात उभे होते. “जय भीम, बाईसाहेब. या.” आई नमस्कार म्हणाली आणि त्याच खुर्चीवर बसली. ते आत गेले. चमच्याचा आवाज सुरू झाला. मी प्रज्ञाकडे बघितलं, तिने माझा हात दाबला. झालं एकदाचं, असं मला वाटलं.

ते ट्रे घेऊन आले. तीन स्टीलचे ग्लास होते. एक प्रज्ञाला दिला, एक मला, एक स्वतः घेऊन बसले. आईसमोर काही ठेवलं नाही. कप त्या दिवशी आलाच नाही.

आईने रिकाम्या ट्रेकडे बघितलं. मग तीच म्हणाली, “मलाही द्या की घोटभर.”

“आपण कॉफी घेत नाही ना,” उस्ताद अगदी शांतपणे म्हणाले. “पित्त होतं.”

“आज घेईन.”

“आज दूध खतम झालं.”

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि गॅसवर दुधाचं पातेलं अर्ध्याच्या वर भरलेलं आम्हा सगळ्यांना दिसत होतं. आईनेही ते पाहिलं. तिने पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. प्रज्ञा “पप्पा...” म्हणून उठायला लागली, तर त्यांनी नुसता हात वर केला. मग माझ्याकडे वळले. माझा ग्लास अर्धा झाला होता.

“तळ दाखवा, प्रोफेसरसाहेब.”

“नाही,” मी म्हणालो. “आईला नाही तर मलाही नको.” आणि अर्धा ग्लास टेबलावर ठेवून उठलो. आईला घेऊन गाडीत जाऊन बसलो. आजारी म्हाताऱ्यावर इतकं चिडता येतं हे मला माहीत नव्हतं. पण मी केलं ते बरोबर केलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

प्रज्ञा मागे थांबली होती. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मी विचारलं, “मग दर रविवारी तो कप कशाला ठेवत होते? पाजायची नव्हती तर?” तिने तेच विचारलं होतं बापाला. ते म्हणाले होते, “जेव्हा मी बनवली तेव्हा नाही प्यायली. आता तिची सोय झाली, म्हणून मी बनवू? तो कप काय मी तिला बोलवायला ठेवत होतो का? मी विसरू नये म्हणून ठेवत होतो. और तुम लोग भी.” इतकी वर्षं तो कप समोर ठेवून मी एक समजत होतो आणि ते भलतंच. मी समजत होतो, तो कप आईची वाट बघतोय.

त्यानंतर मी रविवारी जाणं बंद केलं. प्रज्ञा एकटी जायची. ती परत आली की मी विचारायचो नाही आणि ती सांगायची नाही, पण एकदा तिने सांगितलंच. “आता दोन कप ठेवतात. एक आईंचा, एक तुझा.”

“माझा ग्लास?”

“ग्लास नाही. सेटमधला कप. सोनेरी काठाचा.”

हे मला फार लागलं. त्या घरात स्टीलचा ग्लास घरच्यांना मिळायचा. त्यांनी मला पाहुण्यांत काढलं होतं, आणि तेही माझी कॉफी न चुकता फेटून. मी घरी फेटून बघितली. तीच पूड, तेच दूध. मनगट दुखून आलं, पण लगदा काही पांढरा होईना. रविवारी दुपारी तूप न खाता झोप यायची नाही. मी चिडचिड करायचो आणि त्याचंही खापर त्यांच्यावरच फोडायचो.

एका रविवारी सकाळी त्यांनी बाफल्यांचं पीठ मळलं, परातीवर ओलं फडकं झाकलं आणि जरा पडतो म्हणून पडले. प्रज्ञा तिथे पोचली तेव्हा ते गेलेले होते. तिने फोनवर मला फक्त “ये” म्हटलं. मी त्या घरात शिरलो तर टेबलावर सोनेरी काठाचे दोन कप धुऊन पालथे ठेवलेले होते. मला रडू आलं आणि त्याच वेळी असा राग आला की काय सांगू. म्हातारा भांडण अर्ध्यावर टाकून गेला होता. आता मी ते कोणाशी भांडणार होतो?

त्यांच्या दिवसांना, पुण्यानुमोदनाच्या विधीला, आई आली. मी बोलावलं नव्हतं. एसटीने एकटी आली, वंदना चालू असताना मागे भिंतीला टेकून बसली. भंतेजी गेले, कॉलनीतली माणसं जेवून गेली, उस्तादांच्या हाताखाली शिकलेले लोक डोळे पुसत गेले. दुपारी घरात आम्ही तिघंच उरलो. आई त्याच खुर्चीवर बसली होती.

प्रज्ञा उठून आत गेली. थोड्या वेळाने चमच्याचा आवाज यायला लागला. आईने माझ्याकडे बघितलं. आवाज मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. प्रज्ञा फेटताना रडत असणार. मी उठलो नाही, कारण त्या घरात फेटताना कोणी मध्ये जायचं नसतं.

ती ट्रे घेऊन आली. सोनेरी काठाचे कप कपाटातच होते. ट्रेमध्ये तीन स्टीलचे ग्लास होते. एक तिने मला दिला, एक आईच्या हातात दिला. आईला गरम ग्लास धरायची सवय नाही, तिने पदरात धरला आणि फुंकर घालत प्यायला लागली. प्रज्ञा समोरच्या खुर्चीवर बसली. त्यांच्या खुर्चीवर. हाताची घडी घातली. स्वतःचा ग्लास ट्रेमध्ये तसाच.

कॉफी तीच होती. अगदी तीच. मी तळापर्यंत प्यायलो आणि न विचारता ग्लास तिरका केला. तिने मान हलवली.

आईने ग्लास खाली ठेवला. “छान झालीय हो. घोटभर राहू दे आता, पित्त होतं मला.”

प्रज्ञाने आजवर माझ्या आईला एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं.

“तळ दाखवा, आई,” ती म्हणाली.

आईने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या रिकाम्या ग्लासाकडे बघत बसलो. तिने पदराने ग्लास पुन्हा उचलला, उरलेला घोट घेतला आणि ग्लास तिरका करून सुनेपुढे धरला. प्रज्ञाने वाकून आत बघितलं, मान हलवली आणि ग्लास घेऊन आत निघून गेली.